कार्लोचे सहा दिवस

आमच्या मंडळाच्या कपाटात, ढालींच्या मागे, एक वाकडी लाकडी काठी उभी आहे. नायगावातली पोरं तिला हॉकी स्टिक समजतात. ती हॉकीची नाही. हर्लिंग नावाच्या आयरिश काठी-चेंडूच्या खेळाची आहे आणि ती मुंबईत कशी आली हे मला बरेच दिवस लिहायचं होतं.

2018 साली मी मालाडच्या एका ऑफिसात होतो. काम आयर्लंडच्या क्लायंटचं, विम्याचे कागद तपासायचं. शिफ्ट दुपारी साडेबाराला सुरू व्हायची, कारण उन्हाळ्यात तिकडचे सकाळचे आठ म्हणजे आपले साडेबारा. पलीकडच्या ऑफिसातून रोज फोनवर जी सहकारी असायची ती कार्लोची. कार्लो ही आयर्लंडमधली एक काउंटी, म्हणजे आपल्या हिशोबाने जिल्हा म्हणा. क्षेत्रफळात तिथली शेवटून दुसरी. 2016 च्या जनगणनेत लोकसंख्या जेमतेम 57,000. एवढ्या माणसांतून पंधरा जणांचा हर्लिंगचा संघ उभा करायचा आणि बाजूलाच किलकेनी, जी काउंटी या खेळातली दादा! ती सांगायची, "आमच्याकडे लहानपणीच शेजाऱ्याकडून हरायची सवय लागते."

मे महिन्यातल्या एका सोमवारी ती नेहमीपेक्षा जास्त बोलत होती. एक नवी स्पर्धा सुरू झाली होती, जो मॅकडोना कप. मी विचारलं, ही तुमची मोठी स्पर्धा का? ती म्हणाली, नाही, दुसऱ्या श्रेणीची. त्या एका शब्दाने मी जागा झालो.

कारण मी स्वतः द्वितीय श्रेणीचा माणूस. कबड्डीत मुंबईला प्रथम, द्वितीय, तृतीय अशा श्रेणी असतात हे खेळणाऱ्यांना सांगायला नको. मी डाव्या कोपऱ्यात खेळायचो. घोटा पकडण्यात हात चांगला होता, वजन कमी पडायचं. आमच्या मंडळाची सगळी उमेद एकाच गोष्टीवर होती, की कधीतरी प्रथम श्रेणीत जायचं. ज्याने ती उमेद बाळगलेली नाही त्याला "दुसरी श्रेणी" हा शब्द नुसता खालचा वाटतो. आम्हाला तो कधी तसा वाटला नाही. तिथे रोज बरोबरीचा माणूस समोर असतो. चढाईला आलेला पोरगा आपल्याइतकाच दमलेला असतो, सकाळी कुरिअरची डिलिव्हरी करून आलेला असतो. त्याला धरलं तर त्याचं मोल असतं आणि तो निसटला तर रात्री झोप लागत नाही.

तर ती स्पर्धा. हर्लिंगमध्ये वरच्या पातळीवर 2018 ला नवी रचना आली. लीन्स्टर प्रांतात पाच संघ, मन्स्टरमध्ये पाच, सगळे आपापल्या गटात एकमेकांशी खेळणार. त्यांच्या खालोखाल हा नवा कप, सहा काउंट्यांचा: कार्लो, वेस्टमीथ, लीश, अँट्रिम, केरी आणि मीथ. प्रत्येकाला पाच सामने, पहिल्या दोघांची फायनल क्रोक पार्कला. क्रोक पार्क म्हणजे डब्लिनमधलं त्यांचं वानखेडे, फक्त बसायला 82,000 हून जास्त जागा. जिंकणारा पुढच्या वर्षी लीन्स्टरच्या मोठ्या गटात, तळाचा खालच्या कपात. केरीचं जरा वेगळं होतं. ती काउंटी मन्स्टरची, म्हणून ती जिंकली तर तिला मन्स्टरच्या तळाच्या संघाशी आणखी एक सामना खेळून दार उघडावं लागणार. दुसऱ्या श्रेणीतल्यांना कुठेही गेलं तरी एक जास्तीचा सामना असतोच, हे ऐकून मला आमच्याकडचे पात्रता फेरीचे दिवस आठवले.

यातली पाच सामन्यांची गोष्ट मला सगळ्यात मोठी वाटली. ती म्हणायची, मोठ्या संघाकडून वीस गुणांनी हरून घरी येण्यात मुलं काहीच शिकत नाहीत. इथे मे ते जुलै दर काही दिवसांनी बरोबरीच्या संघाशी झुंज. पंधरा साखळी सामने, आणि बसमधून येणाऱ्या माणसांना माहीत नसायचं की आज काय होणार. आपल्याकडे खेळाडू तयार होतो तो अशाच ठिकाणी. बारा गुणांनी मागे असताना पकड शिकता येत नाही, एका गुणाने मागे असताना शिकता येते.

कपाला ज्याचं नाव आहे तो जो मॅकडोना गॉलवेचा खेळाडू. 1980 ला गॉलवेने 57 वर्षांनी अखिल आयर्लंड विजेतेपद, म्हणजे हर्लिंगमधलं सगळ्यात मोठं, मिळवलं, तेव्हा हा त्या संघाच्या ताफ्यात होता. कप्तानाचं भाषण झाल्यावर याने क्रोक पार्कच्या स्टँडवर उभं राहून माइकवर गाणं म्हटलं. ती म्हणते, त्या दिवशीचा स्कोअर विसरलेल्यांनाही ते गाणं आठवतं. पुढे तो 1997 ते 2000 त्यांच्या संघटनेचा अध्यक्ष झाला, आयरिश भाषेसाठी काम करत राहिला, 2016 ला गेला. दोन वर्षांनी त्याच्या नावाचा चषक आला. आपल्याकडेही गल्लोगल्ली स्मृती चषक असतात. कबड्डीसाठी आयुष्य घातलेला कुणीतरी गेला की पोरं वर्गणी काढून त्याच्या नावाने सामने भरवतात. त्यामुळे मला ते नाव परकं वाटलं नाही.

आणखी एक गोष्ट ऐकून मी तिला दोनदा विचारलं. हर्लिंग खेळणाऱ्यांना पगार नाही. कुणालाच नाही, अगदी अखिल आयर्लंड जिंकणाऱ्यालाही नाही. शिक्षक, शेतकरी, इलेक्ट्रिशियन, विद्यार्थी. संध्याकाळी सराव, सकाळी कामाला. आणि साधारणपणे माणूस जिथला, तिथल्याच क्लबकडून, तिथल्याच काउंटीकडून खेळतो. बोली लावून विकत घेता येत नाही. आमच्या वाडीतले चांगले चढाईपटू 2014 नंतर प्रो कबड्डी लीगच्या आशेने कुठे कुठे गेले, त्यांचं भलं झालं, मला त्याचा आनंदच आहे. पण एक पूर्ण देश आपला एक मुख्य खेळ अजून मंडळाच्या पद्धतीने चालवतो हे ऐकून मला त्या लोकांबद्दल जो आदर वाटला तो आजही तसाच आहे.

फायनल 1 जुलैला, रविवारी. कार्लो विरुद्ध वेस्टमीथ. इथे मुंबईत पाऊस, घरात सगळ्यांचं लक्ष फुटबॉलच्या वर्ल्ड कपवर, कारण त्याच दिवशी स्पेन आणि रशियाची मॅच होती. मी गॅलरीत उभा राहून मोबाइलवर कार्लोकडचा स्थानिक रेडिओ लावला होता. उच्चार अर्धे कळायचे. समालोचक इतक्या वेगाने बोलायचा की फक्त आडनावं आणि आकडे हाती लागायचे. कॅव्हना हे नाव सारखं येत होतं. मार्टी कॅव्हना हा कार्लोचा. आकड्यांची पद्धत तिने मला आधीच शिकवून ठेवली होती. जाळीत चेंडू गेला तर गोल, म्हणजे तीन गुण. आडव्या दांडीच्या वरून, दोन खांबांच्या मधून गेला तर एक. स्कोअर गोल आणि गुण वेगळे ठेवून सांगतात, बेरीज ऐकणाऱ्याने करायची.

संपलं तेव्हा कार्लो 2-26, वेस्टमीथ 1-24. मी भिंतीवर बोटाने हिशोब केला. बत्तीस आणि सत्तावीस. पाच गुणांनी कार्लो.

पहिल्या वर्षीचा पहिला कप कार्लोचा! आदल्याच वर्षी त्यांनी क्रिस्टी रिंग कप जिंकला होता, तेव्हा तो दुसऱ्या श्रेणीचा होता. म्हणजे लागोपाठ दोन वर्षं दुसऱ्या श्रेणीचा कप कार्लोचाच. रेडिओवर मागे लोकांचा आवाज येत होता, आणि मला स्पष्ट आठवतं, समालोचकाचा आवाज एका शब्दावर फाटला. कुठला शब्द ते कळलं नाही. तिला मेसेज टाकला, उत्तर दुसऱ्या दिवशी दुपारी आलं. फक्त एवढंच, की बाबा रडले.

आता ज्याच्यासाठी लिहायला बसलो ते.

त्या दिवशी क्रोक पार्कला कार्लोची फायनल आधी झाली, आणि नंतर त्याच मैदानावर लीन्स्टरची फायनल, गॉलवे आणि किलकेनी. लोक मुख्यतः त्या सामन्यासाठी हळूहळू येऊन बसत होते. हे ऐकून माझ्या पोटात कालवलं, कारण मला ती वेळ माहीत आहे. आम्ही जिंकलो त्या वर्षी आमची फायनल दुपारी चारला ठेवली होती. ऊन तोंडावर, माती तापलेली, खुर्च्या रिकाम्या. आयोजकांचा माणूस दर पाच मिनिटांनी घड्याळ दाखवायचा, कारण सहाला प्रमुख पाहुणे येणार आणि प्रथम श्रेणीची फायनल लागणार. मध्यंतराला आम्ही तीन गुणांनी मागे होतो. शेवटच्या चढाईला त्यांचा पोरगा बोनस घ्यायला आत आला, मी घोट्याला हात घातला आणि उजव्या कोपऱ्याने त्याला उचलला. एका गुणाने जिंकलो. टाळ्या वाजवायला आमचीच चाळीस माणसं. चषक आमच्या हातात रात्री अकराला आला, तोही स्टेजच्या मागे, कारण पाहुणे निघून गेले होते. तो फोटो माझ्याकडे आहे. त्यात आमच्या कप्तानाच्या चेहऱ्यावर अर्धा उजेड आहे.

मला राग चषक उशिरा मिळाल्याचा नाही. राग पुढच्या गोष्टीचा आहे. वर जाण्याचं दार उघडलं की लगेच आत ढकलायचं, श्वास घेऊ द्यायचा नाही. आम्हाला चौथ्या दिवशी मोठ्या मंडळाशी खेळवलं. आमचे दोघे जण लंगडत होते. लोण वर लोण बसले.

कार्लोला सहा दिवस मिळाले. तेव्हा नियम असा होता की या कपातले दोन्ही फायनलवाले अखिल आयर्लंडच्या पूर्व उपांत्यपूर्व फेरीत जाणार, आणि सामना त्यांच्या घरी. वाचायला किती सुंदर आहे. पण 1 जुलै रविवार आणि सामना 7 जुलै शनिवार. सत्तर मिनिटांचा असा सामना, ज्यात माणूस हातात लाकूड घेऊन पूर्ण ताकदीने धावतो, आणि त्यातले खेळाडू सोमवारी सकाळी आपापल्या कामावर.

त्या आठवड्यातला मंगळवार मुंबईकरांच्या लक्षात असेल. 3 जुलैला सकाळी अंधेरीच्या गोखले पुलाचा भाग रुळांवर पडला आणि पश्चिम रेल्वे बंद झाली. मी दादरला दीड तास उभा राहून घरी परतलो. फोनवरूनच काम केलं. तिने बातमी बघितली होती, आधी माझी विचारपूस केली, घरचे सगळे नीट आहेत ना म्हणून. मग मी तिला विचारलं, मुलं कशी आहेत? ती म्हणाली, "दमलीत. अख्खा गाव त्यांना भेटायला येतोय, आणि कुणाला नाही कसं म्हणायचं?"

शनिवारी कार्लोच्या डॉक्टर कलन पार्कला लिमरिक आला. लिमरिक 5-22, कार्लो 0-13. सदतीस आणि तेरा.

सोमवारी तिने स्वतःहून विषय काढला नाही. मी काढला. मी म्हटलं, चोवीस गुणांनी हरलात हे खरं, पण ज्यांच्याकडून हरलात ते कोण आहेत ते बघू. ऑगस्टमध्ये कळलं. 19 ऑगस्टला लिमरिकने गॉलवेला 3-16 विरुद्ध 2-18 असं एका गुणाने हरवलं आणि 1973 नंतर, म्हणजे 45 वर्षांनी, अखिल आयर्लंड जिंकलं. कार्लोने आपल्या आनंदाच्या सहाव्या दिवशी त्या वर्षीच्या विजेत्याशी गाठ घेतली होती. त्या चोवीस गुणांवरून तेव्हा काही लोक म्हणाले असतील की खालच्यांना वर कशाला आणायचं. असं म्हणणारे आपल्याकडे मी मैदानाच्या दोरीबाहेर उभे राहून स्वतःच्या कानांनी ऐकलेत. माझं म्हणणं साधं आहे. दार ठेवा, आणि आत येणाऱ्याला पंधरा दिवस द्या. दोन्ही द्या. एकच देऊन दुसरं काढून घेतलं की आकडा दारावर बोट ठेवायला कामी येतो.

आणि दार खोटं नव्हतं हे पुढच्याच वर्षी दिसलं. 2019 ला कप लीशने जिंकला, पुन्हा वेस्टमीथला हरवून. वेस्टमीथच्या लोकांचं मला फार वाईट वाटतं, दोन्ही वर्षं फायनल आणि दोन्ही वर्षं रिकामे हात. त्यानंतर एकाच आठवड्यात लीशने आपल्या घरी डब्लिनला हरवलं, 1-22 विरुद्ध 0-23. दोन गुणांनी. राजधानीच्या संघाला! त्या रात्री तिचा मेसेज आला. कार्लोचा काही संबंध नसताना ती नाचत होती.

कार्लोचं मात्र 2019 ला वर टिकणं जमलं नाही, ते परत खाली आले. खाली-वर दोन्हीकडून माणसं जातात हेही त्याच स्पर्धेने दाखवलं. 2018 ला लीन्स्टरमधून ऑफली खाली पडली होती. ऑफलीने चार वेळा अखिल आयर्लंड जिंकलंय, शेवटचं 1998 ला. वीस वर्षांत तिथून दुसऱ्या श्रेणीत, आणि पुढच्या वर्षी तिथूनही एक पायरी खाली.

काठीकडे येतो. कार्लोची ती सहकारी नोव्हेंबरात ट्रेनिंगसाठी आठवडाभर मुंबईत आली. शुक्रवारी मी तिला घेऊन नायगावला मंडळात आलो. तिने बॅगेतून ही काठी आणि एक चेंडू काढला. चेंडूला श्लिटर म्हणतात. आत बूच, वर चामडं, आणि शिवणीची कड वर उचललेली. काठीला इंग्रजीत हर्ली, आयरिशमध्ये कमॉन. तिने तो शब्द उच्चारला तेव्हा आमची सगळी पोरं एकदम म्हणाली, "कमान?" वाकलेली म्हणून कमान. तिच्या भाषेतही त्या शब्दाच्या मुळाशी वाकडं हाच अर्थ आहे. ती तो शब्द आमच्या तोंडून पाच-सहा वेळा म्हणवून घेत राहिली.

आमचे काका, ज्यांनी आम्हाला कबड्डी शिकवली, ते मिलमध्ये सुतारखात्यात होते. त्यांनी चष्मा वर करून काठी ट्यूबलाइटखाली धरली. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग अंगठा लाकडावरून खाली नेला आणि मला म्हणाले, "अरे, रेषा बघ. वळणाबरोबर रेषापण वळलीय. हे वाकवलेलं नाही, कापूनही वळण दिलेलं नाही. हे झाडाच्या बुंध्याचं आहे, जिथून मूळ बाहेर फुटतं तिथलं."

मी तिला इंग्रजीत सांगितलं. ती थक्क झाली. अगदी तसंच आहे. अ‍ॅश नावाच्या झाडाचा जमिनीलगतचा साधारण सव्वा मीटरचा बुंधा घेतात, मुळाचा फुगीर भाग धरून कापतात, म्हणजे पसरट टोकात रेषा सलग वळते आणि फटका बसला तरी चिरत नाही. टोकाला पत्र्याची पट्टी ठोकतात. आता तिकडच्या अ‍ॅशच्या झाडांना बुरशीचा रोग लागलाय, लाकूड मिळणं कठीण झालंय, हे सांगताना तिचा आवाज उतरला. काका म्हणाले, तिला सांग, झाड राहिलं पाहिजे. मग पोरांनी गल्लीत चेंडू मारून पाहिला, एकाला लागला, एक पहिल्या मजल्याच्या कठड्यावर आदळला, आणि वरच्या मावशी ओरडल्यावर खेळ थांबला. जाताना काठी तिने काकांच्या हातात दिली आणि म्हणाली, ही इथेच राहू दे.

ऑफिस मी नंतर सोडलं, पण मेसेज चालू आहेत. 2023 ला कार्लोने कप पुन्हा जिंकला, ऑफलीला जादा वेळेत हरवून. म्हणून 2024 ला परत लीन्स्टरच्या मोठ्या गटात. मे महिन्यातल्या एका रात्री फोन वाजला. नुसते आकडे होते: कार्लो 1-20, किलकेनी 1-20.

मी तसाच चप्पल घालून मंडळात गेलो. काका कॅरमच्या बोर्डाला पावडर लावत होते. मी म्हटलं, तेवीस-तेवीस. त्यांनी विचारलं, "कुणाशी?" मी म्हटलं, शेजाऱ्याशी. मोठ्या गटात. त्यांनी हात पुसले, कपाट उघडलं, ढाली बाजूला करून काठी बाहेर काढली आणि टोकाची पट्टी जरा सैल झाली होती ती अंगठ्याने दाबून बघितली.